अकरा माणसांची लायब्ररी

"हे तुम्ही मानणार नाही. आणि मानलंत, तर मलाच माझ्या सांगण्याची शंका येईल," असं म्हणून मी आगटीतलं एक कणीस उचललं, बोटं भाजली, आणि ते घाईघाईनं साडूंच्या पुढ्यात टाकलं.

साडू म्हणजे बाबासाहेब चौगुले. माझ्या बायकोच्या, पद्माच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. तासगावजवळ त्यांचं शेत आहे. दर पौषात आम्ही दोघं तिथं हुरड्याला जातो. चौघंच असतो: साडू, अक्का, पद्मा आणि मी. हुरडा कमी आणि माझ्या गोष्टीच जास्त, अशी साडूंची दरवर्षी तक्रार असते. पण मी जरा गप्प बसलो की पहिल्यांदा चुळबुळ सुरू होते ती त्यांचीच.

"कुठली सांगणार?" ते म्हणाले. "मगरीच्या पाठीवर बसून कृष्णा ओलांडलेली?"

"पैलवानाची."

"ती गेल्या साली झाली की, पाव्हणं. त्याच्या आदल्या सालीबी झाली."

"घाईत झाली. या वेळी नीट सांगतो."

पद्मा हातावर कणीस चोळत होती. माझी गोष्ट सुरू झाली की ती हाताला काम घेते. चाळीस वर्षांची सवय.

मिरजेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ट्रस्टी अजून हयात आहेत. तिथलं आमचं मशीन एकोणनव्वद साली आलं. आत दोन माणसं उभी राहतील एवढं कपाट. त्याला एसी, मला टेबलफॅन. ते सकाळी सुरू केलं की मिरज स्टेशनवरचे दिवे मंद व्हायचे आणि स्टेशनमास्तर मला फोन करून विचारायचा, "मगदूम, आलात वाटतं कामावर?"

"खोटं," अक्का म्हणाल्या.

"बरं, स्टेशनमास्तर नाही. त्याचा पोर्टर."

त्या मशीनमध्ये माहिती ज्या खणांत ठेवायची, त्या खणांना लायब्ररी म्हणत. पुस्तकांचा काही संबंध नाही. बाह्यरुग्णांची एक लायब्ररी, औषधांच्या साठ्याची एक, एक्स-रेच्या नोंदींची एक, अशा सतरा वर्षांत त्रेसष्ट लायब्रऱ्या झाल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या कुणाच्या, हे त्या करणाऱ्यांनाही आठवत नव्हतं.

दोन हजार सहा साली मशीन काढायचं ठरलं. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवा सर्व्हर आला, तो चपलांच्या खोक्याएवढा. आणि त्याच्याबरोबर पुण्याहून तन्वी सहस्रबुद्धे नावाची मुलगी आली. वय सव्वीस, हातात सतत याद्या. पहिल्याच दिवशी ती मशीनपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, याला रक्त कशानं आलंय?"

रक्त नव्हतं, कुंकू होतं. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, अवजारं पुजतात. मी मशीन पुजायचो. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. आणि टेप जिथून आत जाते त्या फटीवर एक खास बोट. कारण मशीनचं तोंड तेच. तोंड गोड तर सगळं गोड.

"हे इलेक्ट्रॉनिक्स आहे, काका," ती म्हणाली.

"म्हणून तर अभिषेक करत नाही," मी म्हणालो.

तिचा नियम मात्र कडक होता. प्रत्येक लायब्ररी कुणाची ते शोधायचं. त्या विभागाला दाखवायची. मग ती टेपवर उतरवायची. एका नाही, दोन टेपांवर, एक हॉस्पिटलात आणि एक ट्रस्टच्या ऑफिसात ठेवायला. मग टेपवरून परत मशीनवर घेऊन बघायची, उघडते का. उघडली की यादीवर खूण. त्रेसष्टच्या त्रेसष्ट खुणा झाल्या की मशीन पुसायचं आणि भंगारात द्यायचं.

आता या त्रेसष्टांत एक लायब्ररी होती बीबी-अकरा.

आमच्याकडे डॉ. हुल्याळकर म्हणून रक्तपेढीचे प्रमुख होते. त्र्याण्णव साली त्यांना एक वेड लागलं. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून एक रक्तगट असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो. माणूस जन्मभर स्वतःला ओ समजत फिरतो. पण त्याला ओ रक्त चढवलं तर ते विषासारखं बाधतं. त्याला त्याच्याच गटाचं लागतं, आणि तसा माणूस दहा हजारांत एखादा. डॉक्टरांनी काय करावं? शिबिरातली, कॉलेजातली, हॉस्पिटलच्या स्टाफची, जिथं जिथं ओ लिहिलेली बाटली दिसेल ती पुन्हा तपासायला घेतली. वर्षभरात अकरा माणसं निघाली. त्यांची नावं, गावं, फोन मी या हातांनी टाइप केले. तीच बीबी-अकरा. पुढे डॉक्टर वारले आणि ती लायब्ररी कुणी उघडेनासं झालं.

"तुमचा कुठला गट?" साडूंनी विचारलं.

"ओ. साधा."

"त्यांना काय विचारता रक्ताचं?" अक्का हसायला लागल्या. "पायात खिळा गेला तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनाला तिघांनी धरलं होतं. पद्मा पाय धरून, मी डोकं धरून."

"रक्तपेढीची पायरीसुद्धा चढायचे नाहीत," पद्मा म्हणाली. "कागद द्यायचा असला तर शिपायाला पाठवायचे. वासानं चक्कर येते म्हणून."

"येते चक्कर. त्यात लाजायचं काय?" मी म्हणालो आणि पुढे निघालो.

शनिवार होता. दुपारी एकपर्यंत बासष्ट खुणा झाल्या. तन्वीनं यादीवर पेन्सिल टेकवली.

"काका, एकच राहिली. बीबी-अकरा. शेवटची उघडलीय अठ्ठ्याण्णव साली. ही कुणाची?"

"रक्तपेढीची. तुम्ही जेवायला जा. मेसमध्ये पिठलं आहे, गार झालं तर त्याचा दगड होतो. ही मी घेतो टेपवर."

"दोन टेपांवर. आणि परत उतरवून बघायची."

"मॅडम, या मशीनला मी सतरा वर्षं न्हाऊ-माखू घातलंय. मला शिकवता?"

ती हसली आणि गेली. परत आली तेव्हा मी खूण करून ठेवली होती. तिनं माझ्या शब्दावर सही केली. चार वाजता मशीन पुसलं. मी निरोपाची पूजा केली, नारळ फोडला, आणि मेंटेनन्सच्या सगळ्यांना खोबरं वाटलं. भंगारवाला मंगळवारी येणार होता.

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

हुल्याळकरांच्या जागी डॉ. अंजली कुरुंदवाडे आल्या होत्या. एरवी त्या मला "मगदूमसाहेब" म्हणत. त्या दिवशी नुसतं "मगदूम" म्हणाल्या.

"मगदूम, हुल्याळकर सरांची ती यादी काढा. बॉम्बे ग्रुपची. आत्ता."

"काय झालं?"

"बाळंतीण आहे. आस्मा सतारमेकर, तेवीस वर्षांची. मुलगी झालीय, ती ठीक आहे. आईचा रक्तस्राव थांबत नाही. ऑपरेशन करायला हवं, आणि ओ म्हणून आणलेली बाटली जुळत नाहीये. मी तीनदा तपासलं. मुंबईहून दोन बाटल्या निघतायत, पण त्यांना संध्याकाळ होणार. तिच्याकडे तेवढा वेळ नाही. मला एक बाटली हवी, बारा वाजायच्या आत. तिचा नवरा खाली पाठवते, त्याच्या हातात यादी द्या."

मी फोन खाली ठेवला. आणि खरं सांगतो, माझे पाय फरशीला कुणीतरी शिवून टाकल्यासारखे झाले. समोर मशीन होतं. कपाळावर कुंकू, गळ्यात शनिवारची माळ, आणि आत काही नाही. पंखा चालू होता म्हणून ते जिवंत वाटत होतं, एवढंच.

नवरा आला. इरफान नाव. पंचवीस-सव्वीसचा, सडपातळ, पायात चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या. त्यांच्या घरात चार पिढ्या सतारी करतात. दहाही बोटं पिवळट तांबूस, लाखेच्या पॉलिशनं रंगलेली. दारात उभा राहून त्यानं आधी हात पाठीमागे लपवले.

"वास येतो साहेब, लाखेचा. पॉलिश करता करताच उठून आलो. कागद निघतोय ना?"

"निघतोय," मी म्हणालो.

मी टेप घेतली. टेप मशीनच्या तोंडात घातली. घर्र, घर्र, आणि मग आतून असा आवाज आला की कुणीतरी पापड खातंय. मी झाकण उघडलं. बघतो तर काय! सतरा वर्षांच्या अक्षता त्या फटीतून आत जाऊन साचल्या होत्या. एसीचं पाणी ठिबकून त्यांना ओल लागली होती. आणि त्यांना मोड आले होते! हिरवेगार, बोटभर लांब. टेप त्या मोडांत अडकून शेवयांसारखी बाहेर आली.

साडूंनी तोंडाकडे नेलेला घास खाली ठेवला.

"पाव्हणं, अक्षता कशाच्या होत्या?"

"तांदळाच्या. दुसऱ्या कशाच्या असतात?"

"कांडलेल्या तांदळाला मोड येत न्हाई. मी चाळीस वर्षं शेती करतोय. भाताला येतो. तांदूळ कुजतो."

"कुंकवाच्या तांदळाला येतो."

"कुंकवाच्या तांदळालाबी येत न्हाई!"

"मग मोड नसतील, कुजके दाणे असतील. टेप गेली, हे महत्त्वाचं."

"आणि दुसरी?" अक्कांनी विचारलं. "त्या पोरीनं दोन सांगितल्या होत्या ना?"

"सांगतो, सांगतो. मध्ये मध्ये तोडलंत तर मुद्दा निसटतो."

मुद्दा इरफानचा होता. मी त्याला म्हणालो, "यादी गेली."

तो ओरडला नाही. मला वाटलं होतं, ओरडेल; माझी गचांडी धरेल. मी तयार होतो. ते बरं झालं असतं. तो एक पाऊल आत आला आणि अगदी हळू आवाजात, एखादी गोष्ट समजून घ्यावी तसं त्यानं विचारलं, "गेली म्हणजे कुठं गेली, साहेब? कागद जाळला तरी राख राहते. हिचं काय राहतं?"

एकतीस वर्षं मी त्या खोलीत काढली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. 

मग मला आठवलं. नावं मी स्वतः टाइप केली होती. अकराच तर होती. मी खुर्ची ओढली, फोन पुढ्यात घेतला आणि डोळे मिटले. टाइप करताना बोटं जशी गेली होती तशी ती टेबलावर चालवली, आणि एकेक नाव यायला लागलं. फोनचे आकडे तेवढे आले नाहीत. ते डिरेक्टरीत गाव बघून शोधले.

पहिला, मालगावचा दत्तोबा खोत. त्याच्या सुनेनं फोन उचलला. "मामंजी जाऊन तीन वर्षं झाली."

इरफाननं एक बोट मिटलं.

दुसरा सुरतेला गेला होता. तिसरा मस्कतला. चौथ्याच्या घरी फोन नुसता वाजत राहिला, शेजारच्या दुकानदाराला लावला, तर तो म्हणाला, "ते घर विकून गेले हो, कुठं ते माहीत न्हाई." पाचव्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्या बिचाऱ्या यायला निघाल्याच होत्या. "रिक्षा पाठवा, मी येते," म्हणाल्या. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या चालणार नाही. सहाव्याला कावीळ होऊन गेलेली. सातवी सात महिन्यांची गरोदर. आठवा वारलेला. नवव्याच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं, आणि "थांबा, विचारून सांगते" म्हणून फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

दर फोनला इरफान एक बोट मिटत होता. मी बघायचं नाही म्हणत होतो आणि बघत होतो. घड्याळात अकरा वाजून गेले होते. वरून नर्सनं एकदा फोन केला, नुसतं "अजून नाही ना?" म्हणाली आणि ठेवला.

दहावा जयसिंगपूरचा मास्तर. तो मिळाला! स्वतः फोनवर आला. म्हणाला, "येतो की, आत्ता निघतो." मी खुर्चीतून उठलो. मग तो म्हणाला, "मी सध्या मुलाकडे आहे, नागपूरला. हा फोन इकडे वळवलाय. दुपारची गाडी बघतो."

इरफाननं दहावं बोट मिटलं. दोन्ही मुठी बंद झाल्या. त्यानं त्या तशाच धरून ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"अकरावा, साहेब?"

मी डिरेक्टरी मिटली.

आगटीतला धूर साडूंच्या बाजूला वळला होता, तरी ते जागचे हलले नव्हते. ही गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली होती. पण बोटांचं मी याआधी सांगितलं नव्हतं.

"मग?" ते म्हणाले.

"मग पैलवान आला."

"फोन न करता?"

"अकराव्याला फोन करायची वेळच आली नाही. तो आपणहून आला. शामगोंडा पैलवान. साडेसहा फूट उंच, कान फुटलेले, दारातून आत यायचा तर खांदे तिरके करावे लागायचे. वस्तादांचा पाय मोडला होता, त्यांना बघायला हॉस्पिटलात आलेला. माझ्या खोलीपुढून चालला होता. मी ओळखलं, हाच तो अकरावा! धावत गेलो, हात धरला. म्हटलं, पैलवान, एक बाटली. आणि तुम्हाला सांगतो, तो गडी पांढराफटक पडला. सुईला भ्यायचा! एवढा देह, पण सुई म्हटलं की पाण्यासारखा. त्र्याण्णव साली एकदा रक्त दिलं होतं, तेव्हा चक्कर येऊन पडला होता, आणि तेव्हापासून त्यानं हॉस्पिटलातल्या त्या बाजूचं तोंड बघितलं नव्हतं. 'मला नको, दुसरं कुणी बघा,' म्हणायला लागला. मी म्हटलं, दुसरं कुणी नाही. दहा झाले. तू शेवटचा."

"मग आला का कबूल?"

"जिन्यात दोनदा खाली बसला. इरफान त्याच्या मागून चढत होता. मुठी तशाच. पैलवानानं एकदा मागे वळून त्या मुठी बघितल्या आणि मग बसला नाही."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

रक्त घ्यायच्या खोलीत बाहेरच्यांना मज्जाव. मी खाली मशीनरूममध्येच थांबलो. वर पैलवानाला निजवलं. नर्स म्हणाली, मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा. त्याच्या तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली. सुईकडे बघायचं नाही म्हणून तो छताकडे बघत होता. छताला जुना पंखा होता, तीन पात्यांचा, आणि त्यातलं एक पातं पिवळं. कधीतरी मोडलं असेल, दुसऱ्या पंख्याचं आणून बसवलेलं. तो फिरायचा इतका सावकाश की पिवळं पातं वेगळं दिसायचं. पैलवान ते मोजत होता. पिवळं आलं, एक. पिवळं आलं, दोन. चारशे बारापर्यंत मोजलं तेव्हा नर्स म्हणाली, "झालं."

उठून बसला तर समोर डॉ. कुरुंदवाडे. बाटली हातात. त्यांनी पैलवानाकडे असं बघितलं की सुई परवडली. एकच वाक्य बोलल्या: "ती यादी नव्या मशीनवर पुन्हा लिहून घ्यायची, आणि सगळ्यांत वर तुमचं नाव."

पावणेबाराला बाटली वर गेली. दीडला ऑपरेशन झालं. संध्याकाळी मुंबईच्या दोन बाटल्या आल्या. आस्मा घरी गेली ती अकराव्या दिवशी, मुलीला घेऊन. यादी मी त्याच आठवड्यात नव्या सर्व्हरवर टाकली. आणि दोन महिन्यांनी इरफान एक सतार घेऊन आला, हातभर उंचीची, पण पक्की वाजणारी. रक्त कुणी दिलं ते रक्तपेढी सांगत नाही. म्हणून ती त्यानं डॉक्टरबाईंकडे दिली, ज्याची त्याला पोचवा म्हणून. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे दिली. पैलवान काही न्यायला आला नाही. ती आमच्याच भिंतीवर राहिली.

"झाली गोष्ट," मी म्हणालो. "मानायची तर माना."

"पैलवान मानला," साडू म्हणाले. "तांदळाचे मोड न्हाई मानले."

आम्ही हसलो. अक्कांनी गुळाचा खडा माझ्यापुढे सरकवला. पद्मा अजून कणीस चोळत होती. दाणे सगळे निघाले होते, रिकामं कणीसच ती चोळत होती.

"अहो," ती म्हणाली. "ते पिवळं पातं या वेळी नवीन आलं."

"म्हटलं ना, या वेळी नीट सांगतो."

"तुम्ही खाली होता."

"हो. मला पैलवानानं सांगितलं."

"चारशे बारा? मोजून लक्षात ठेवून तुम्हाला सांगितलं?"

"पैलवानांना आकडे लक्षात राहतात. बैठका मोजून मोजून."

साडू हसायला लागले, पण पद्मा हसली नाही, तसे थांबले.

"त्या सोमवारी तुम्ही कोपरात चिकटपट्टी लावून आलात," ती म्हणाली. "मशीनचा पत्रा लागला म्हणालात. मी हळद लावायला आले तर हात मागे घेतलात."

"पत्राच लागला होता."

"मशीन भंगारात गेलं. त्यानंतरही वर्षातून दोन-तीनदा हॉस्पिटलातून फोन यायचा. मशीन अडलंय, मगदूमांना पाठवा. रिटायर झालात तरी यायचा. तुम्ही पांढरेफटक होऊन जायचात आणि येऊन न जेवता झोपायचात. पासष्टी झाली आणि फोन थांबला. मला वाटायचं, कसलं हे मशीन, म्हाताऱ्या माणसाला एवढं पिळतं."

आगटीत एक दाणा फुटला.

"म्हणजे हेच पैलवान!" अक्कांनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अगं, पण हे तर चांगलंच की! जीव वाचवला माणसानं. त्यात लपवायचं काय?"

"तेच ना, अक्का," पद्मा म्हणाली. "ह्यांनी कुणाला साधा रस्ता दाखवला तरी गावभर सांगतात. हे मात्र अठरा वर्षं दुसऱ्याच्या नावावर घातलं. मी ती सतार दर शुक्रवारी उतरवते, फडकं मारते, परत टांगते. दरवेळी मनात येतं, न्यायला का येत नाही हा माणूस."

तिनं हातातलं रिकामं कणीस आगटीत टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बासष्ट लायब्रऱ्या त्या मुलीच्या डोळ्यांदेखत झाल्या. ही एकच तुम्ही तिला जेवायला पाठवून केलीत. अकरावं नाव तुमचं होतं. यादी राहिली असती तर कधी ना कधी फोन आला असता. अक्कानं मघाशी दुसऱ्या टेपचं विचारलं, तेव्हा तुम्ही सांगतो म्हणालात." ती थांबली. "तुम्ही सांगणार नाही. मीच सांगते. दुसरी टेप नव्हती. कारण पहिलीही नव्हती."